तात्यांच्या होडीचं अस्तर

उचगावात रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड होती. दारावर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती : 'टाकी, ट्रॉली, टेम्पो – आतून कोटिंग करून मिळेल.' ही पाटी वाचून कोण काय घेऊन येईल याचा नेम नसे. एक गुऱ्हाळवाले एकदा गूळ शिजवायची काहीलच टेम्पोत घालून घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, आतनं मारा की तुमचं ते. गूळ चिकटाय नको."

मी म्हणालो, "काका, काहील चुलाणावर चढली की माझं कोटिंग पेटंल, आणि गूळ खाणारा दवाखान्यात जाईल."

ते रागावले. जाताना म्हणाले, "मग पाटीवर 'काहील सोडून' असं लिवा की!" दुसऱ्या एकानं म्हशीच्या लोखंडी गव्हाणीला आतून कोटिंग मारून घेतलं. लोक त्याला हसले. मी काम बंद केलं तेव्हाही ती गव्हाण शाबूत होती. म्हशी मात्र तीन बदलून झाल्या होत्या.

हे कोटिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. साधा रंग वाळतो, हे कोटिंग आवळतं. दोन पिंपं असतात. दोन्हींतला माल पातळ, काकवीसारखा. मशीन तो तापवतं आणि दोन वेगळ्या नळ्यांतून बंदुकीपर्यंत आणतं. बंदुकीच्या तोंडाशी दोन्ही माल एकत्र येतात, फवारा पत्र्यावर बसतो आणि तुम्ही दहा आकडे मोजेपर्यंत त्याचं जाड रबरासारखं अस्तर झालेलं असतं. हातोडी मारली तरी ते फुटत नाही, पाणी आत सोडत नाही, पाय घसरू देत नाही. फवारणारा माणूस मात्र त्या दहा आकड्यांत चुकला, तर ती चूक पत्र्यावर कायमची राहते. ब्रशनं सारवून घ्यायची सोय नाही.

नव्वदच्या दशकात मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाक्या रंगवायला होतो. आमच्या गावातल्या बुद्धविहाराला आतून-बाहेरून रंग दिला तोही त्याच काळात, रजा टाकून. पुढं कारखाना बंद पडला. दोन हजार सालानंतर पुण्यातल्या एका कंपनीनं जुनं फवारणी मशीन विकायला काढलं, ते मी आणि माझा जोडीदार बजरंग यांनी मिळून आणलं. बजरंग माझ्याच कारखान्यातला. त्याच्या मनगटात देणगी होती. फवारा मारताना तो असा सरळ, एका चालीनं जायचा की दोन पट्ट्यांमधला सांधा बोटाला लागायचा नाही. मी घासणारा, तो मारणारा. आमचं नाव झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वाळूचे टेम्पो, साखर कारखान्याच्या टाक्या. लोखंडाला कसं धरायचं ते आम्हाला कळलं होतं, आणि त्यामुळं आपल्याला सगळंच कळलंय असं वाटायला लागलं होतं.

अशात एका सकाळी टेम्पोत उताणी घातलेली होडी शेडसमोर येऊन थांबली. सोबत सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ, अंगावर बंडी, दंड अजून घट्ट. त्यांच्या मागं त्यांची सून. गृहस्थांचं नाव पांडूतात्या. पश्चिमेकडच्या एका धरणाच्या पाण्यावर त्यांचं मासेमारीचं काम. सुनेचं नाव संगीता. मुलगा कारखान्यात कामाला, म्हणून होडीवर सासऱ्याबरोबर सून जायची. जाळं ओढायला तिचा हात गड्यासारखा, असं तात्याच कौतुकानं सांगायचे.

तात्या म्हणाले, "पावणं, मच्छीमारांच्या सोसायटीला ह्या अॅल्युमिनियमच्या अकरा होड्या मिळाल्यात. लाकडापेक्षा हलक्या, बेस हायत. पर आतनं खातंय बघा."

मी वाकून पाहिलं. आतल्या तळावर पांढरी भुकटी जमली होती. खरवडली की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे. होडीत पाणी साचून राहतं, त्यात मासळीचं रक्त, बर्फातलं मीठ, वर लोखंडी नांगर आणि साखळी दिवसभर पडलेली. अॅल्युमिनियमला लोखंडाची ओली सोबत सोसत नाही. ते हळूहळू झिजतं.

"डांबर लावून बघितलं," तात्या म्हणाले, "उन्हात वितळून पायाला लागतंय. तुमचं ते ट्रॉलीचं कोटिंग हिला बसंल काय?"

मी छाती काढून म्हणालो, "ट्रॉलीत दगड ओततात तात्या. तिथं टिकतंय. तुमच्या माशानं काय होतंय?"

हे वाक्य मला पुढं फार दिवस आठवत राहिलं.

होडी आम्ही ट्रॉलीसारखीच केली. पाण्यानं धुतली, तारेच्या ब्रशनं चकचकीत घासली. तो शनिवार होता. रविवारी माझ्या मेहुणीचं लग्न होतं, म्हणून काम थांबवलं. सोमवारी पहिला हात, म्हणजे पत्रा आणि कोटिंग यांना धरून ठेवणारा पातळ थर दिला, आणि दुपारी बजरंगनं आत बसून फवारा मारला. होडीचा आकार अडचणीचा. उकिडवं बसून, मान वाकडी करून मारावं लागतं आणि वाफ सगळी तोंडावर येते. तेव्हा आम्ही तोंडाला ओला टॉवेल बांधायचो. मशीनबरोबर बाहेरची ताजी हवा देणारा मुखवटा आला होता. तो खुंटीला टांगलेला असायचा. तो घातला की बजरंगला नीट दिसायचं नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही. काम सुंदर झालं होतं. करड्या रंगाचं, दाणेदार, एकसारखं. तात्यांनी आत उभं राहून पाय घासून बघितला आणि म्हणाले, "घरात बसल्यागत वाटतंय."

त्यानंतर महिन्याभरात बजरंगला खोकला लागला. सर्दी म्हणून आम्ही काढा, गोळ्या असं करत राहिलो. एक दिवस बंदूक हातात असतानाच त्याला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. रिक्षात घालून मी त्याला शहरात नेलं. डॉक्टरांनी काम काय करता ते विचारलं आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ही वाफ यांच्या छातीला बाधली आहे. आता थोडी जरी नाकात गेली तरी जीवावर बेतेल. त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

बाहेर बाकावर बसून बजरंग म्हणाला, "मग मी काय करू रं?" बावीस वर्षांच्या ओळखीत त्यानं मला पहिल्यांदा असं काही विचारलं होतं. त्याच दिवशी मी मुखवटा खुंटीवरून काढला आणि त्यानंतर एकदाही त्याच्याशिवाय बंदूक धरली नाही. पण हे शहाणपण मला त्याच्या छातीवरून आलं. त्याचा सल अजून आहे आणि राहणार.

या धक्क्यातून सावरायच्या आत तात्या संगीताला घेऊन पुन्हा शेडवर आले. या वेळी होडी नव्हती. काखेत एक वळकटी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि उलगडली. ते आमचं कोटिंग होतं. चादरीसारखं अखंड निघालेलं, हातभर रुंद आणि पुरुषभर लांब. मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे पत्र्याला ते कधी चिकटलंच नव्हतं.

"हे तुमचं," तात्या म्हणाले. "तुमच्याकडंच असू दे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काय झालं ते संगीतानं सांगितलं. दोघं पाण्याच्या मध्यावर होते, जाळं अर्धं ओढून झालेलं. पायाखालचं अस्तर ओल्या गोधडीसारखं हलायला लागलं. तिनं कड उचलून बघितली तर खाली पाणीच पाणी. अस्तराखाली पाणी कोंडून राहिल्यानं खड्डे वाढत गेले होते आणि दोन ठिकाणी आरपार भोक पडलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. अस्तर नसतं तर भोक पहिल्या दिवशी दिसलं असतं.

"मी घमेल्यानं पाणी उपसतेय, मामा वल्हवत्यात," संगीता म्हणाली. "गुडघ्यापत्तूर आलं भाऊ पाणी. शेवटी जाळं कापून सोडलं. नवंकोरं जाळं. तवा कुठं काठाला लागलो."

मी खाली मान घालून उभा होतो. म्हणालो, "तात्या, होडी परत आणा. मी पुन्यांदा करून देतो."

"न्हाय," तात्या म्हणाले. "सून हाय माझी त्या होडीत." एवढं बोलून ते निघाले.

संगीता मागं रेंगाळली. तिनं त्या अस्तराचा एक भाग बोटानं दाखवला. "भाऊ, एक सांगू? हितनं पयलं सुटलं. बसायच्या फळीखाली. मासळीचा ढीग आमी हितंच टाकतो. आदी मी रोज होडी धुवायची तवा मला दिसायचं. पाणी मारलं की बाकी ठिकाणी पसरायचं, पर हितं थेंब थेंब हून हुबं ऱ्हायचं. तुपाच्या ताटावर ऱ्हातंय तसं."

ती गेल्यावर मी शेडमधला एक जुना अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला, अर्ध्या भागाला तेलाचं बोट फिरवलं, धुतला, पुसला. डोळ्यांना दोन्ही भाग सारखेच स्वच्छ. वरून पाणी ओतलं. एका बाजूला पाण्याचा अखंड पडदा, दुसऱ्या बाजूला थेंब. वीस वर्षं मी पत्रा स्वच्छ झाला की नाही हे हात फिरवून ठरवत होतो. बाईनं होडी धुता धुता माझ्यापेक्षा नेमकं काही पाहिलं होतं.

पण अडचण नुसत्या मासळीच्या तेलाची नव्हती. जिथं तेल नव्हतं तिथलंही अस्तर सुटलंच होतं. मी शहरात शिवाजी पेठेत दस्तगीरचाचांकडे गेलो. चाचा मोटारसायकलींच्या इंजिनाची फुटलेली अॅल्युमिनियमची कवचं जोडायचे. अॅल्युमिनियम जोडणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि त्यांच्या दुकानात बेळगावपर्यंतची इंजिनं येऊन पडलेली असत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत सगळं ऐकलं.

"घासलं कवा?"

"शनिवारी."

"पयला हात कवा?"

"सोमवारी. मधी लगीन हुतं."

चाचा हसायला लागले. "अरं, लोखंड गंजतंय तर डोळ्याला दिसतंय. अॅल्युमिनियम लबाड हाय. घासलं की लगीच अंगावर बारीक कातडं घेतंय. जेवढा येळ जाईल तेवढं ते जाड. दिसत न्हाय, पर असतंय. तू होडीला न्हवं, त्या कातड्याला रंग लावलास. आनि घासलं कशानं?"

"तारेच्या ब्रशनं."

"लोखंडी?" त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "म्हंजे लोखंडाचं कण हिच्या अंगात तूच रवलंस. नांगर वरनं खात हुता, तू आतनं खायची सोय केलीस."

चाचांनी चहा मागवला आणि मग समजुतीनं म्हणाले, "घासायला वेगळा पॉलिश कागद घे, दुसऱ्या कशालाच न वापरलेला. आनि घासल्यावर घड्याळ बघ. दोन तासात पयला हात देऊन झाकून टाक तिला."

मी शेडवर येऊन पत्र्याच्या सहा पट्ट्या कापल्या. प्रत्येकीवर वेगळी कृती करून मग कोटिंग मारलं. कुणाला साबणानं धुतलं, कुणाला आधी साबण मग थिनर, कुणाला घासून लगेच झाकलं, कुणाला चार तासांनी. मासळी बाजारातून माशांचं धुवण आणलं, पिंपात ओतलं, वर मीठ टाकलं, लोखंडाची साखळी टाकली आणि पट्ट्या त्यात बुडवून पिंप उन्हात ठेवलं. आठ दिवसांत असा वास सुटला की शेजारचे गॅरेजवाले माझ्याशी बोलेनात. बायकोनं अंगणातच आंघोळीचं पाणी ठेवायला सुरुवात केली. महिन्यानं पट्ट्या काढल्या. कोटिंगवर सुरीनं फुली मारली आणि कोपरा उचलायला लागलो. चार पट्ट्या केळ्याच्या सालीसारख्या सुटल्या. पाचवी निम्मी सुटली. सहावी सुटेना. गरम पाणी आणि साबण, मग थिनरचं ओलं फडकं आणि लगेच मागून कोरडं फडकं, मग पाण्याचा पडदा बघणं, मग कोऱ्या कागदानं घासणं, आणि दोन तासांत पहिला हात. ही होती सहावी.

ती पट्टी खिशात घालून मी एसटीनं तात्यांच्या गावाला गेलो. तात्या अंगणात जाळं विणत बसले होते. मी पट्टी आणि सुरी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पट्टी उलटसुलट केली, नखानं बघितलं, मग सुरी घेतली. कड खरवडली, फुली मारली, टोक घालून उचकटलं. घरातून पक्कड मागवली. पकडीनं धरून ओढलं. कोटिंगचा तुकडा तुटला, पण पत्र्यावरून उठला नाही. अर्धा तास तो माणूस त्या पट्टीशी झुंजत होता. कपाळावर घाम आला. संगीता दारात उभी राहून बघत होती.

शेवटी तात्यांनी सुरी खाली ठेवली. "होडी कवा आनू?"

"मे महिन्यात. कोरड्या हवेत," मी म्हणालो. "आदी चाचा भोकं जोडून देतील. आनि तात्या, संगीताताईंना घेऊन या. पाणी त्या बघतील."

ठरल्या दिवशी सकाळी होडी आली. चाचांनी भोकं इतकी नीट जोडली होती की हात फिरवून शोधावी लागत होती. मी गरम पाणी, साबण, थिनर असा क्रम केला. संगीतानं बादलीनं पाणी ओतलं आणि वाकून बघायला लागली. दोनदा तिनं खडूनं खूण केली, "हितं थेंब हाय." दोनदा मी पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी पाणी पूर्ण तळावरून काचेसारखं पसरलं. होडी वाळवली, मी कोऱ्या कागदानं घासली. घड्याळात बघितलं, साडेबारा. दीडला पहिला हात देऊन झाला. तो आवळायला तासभर, आणि मग संध्याकाळ व्हायच्या आत फवारा.

बजरंग त्या दिवशी आला होता. त्याला शेडकडे यायची बंदी, म्हणून तो रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, चिंचेखाली दगडावर बसला होता. मी नको म्हटलं तर म्हणाला, "बघत न्हाय, ऐकतोय नुसतं."

मी मुखवटा घालून आत उतरलो आणि बंदूक चालू केली. बजरंगसारखा माझा हात नाही, हे मला ठाऊक होतं. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. इतक्यात रस्त्यापलीकडून आरोळी आली, "थांब! डाव्या पिंपाचा दाब पडलाय!" मी बंदूक सोडली. मशीनवर काटा बघितला. खरंच डावा काटा खाली सरकत होता. माल गाळणाऱ्या जाळीत कचरा अडकला होता. तसंच मारत गेलो असतो तर कोटिंग चिकट, कच्चं राहिलं असतं. पन्नास पावलांवरून, वाहनांच्या आवाजातून, नुसत्या फवाऱ्याच्या सुरावरून त्यानं ओळखलं.

जाळी साफ केली, पुन्हा सुरू केलं. निम्मी होडी झाली आणि वीज गेली. त्या वर्षांत वीज जायचं वेळापत्रक असायचं आणि त्या दिवशीची आमची पाळी सकाळीच होऊन गेली होती. वीज मंडळाला फोन लावला तर कुणी उचलेना. नळ्यांतला माल गार व्हायला लागला. पश्चिमेला वळवाचे ढग चढत होते. हवा दमट झाली की उरलेल्या निम्म्या होडीचं पुन्हा तेच होणार होतं. तात्या माझ्याकडे बघत होते. मी मुखवटा काढून त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

चिंचेखाली बघितलं तर बजरंग जागेवर नव्हता.

वीसेक मिनिटांनी रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीवर वरातीच्या साऊंडवाल्याचा भला मोठा जनरेटर, त्याला रंगीत दिव्यांच्या माळा तशाच गुंडाळलेल्या, आणि शेजारी साऊंडवाला नि फेटा बांधलेला एक जाडजूड गृहस्थ. बजरंग ड्रायव्हरशेजारी बसला होता, दम लागलेला, पण हसत होता. गावातल्या एका लग्नाची वरात सहाला निघायची होती. त्यानं मांडवात जाऊन नवरदेवाच्या मामालाच गाठलं होतं.

मामा खाली उतरले आणि म्हणाले, "हे म्हणत्यात, होडी बुडाय लागलीया. मी म्हटलं, उचगावात पाणी कुठलं? म्हणून बघाय आलो."

तात्या पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "पावणं, बुडाय लागलीया ते खरंच हाय. तासभर द्या."

मामांनी होडी बघितली, आभाळ बघितलं, आणि साऊंडवाल्याला म्हणाले, "जोड रं वायर. नवरदेव काय पळून जात न्हाय."

माल तापायला वेळ लागला. मी पुन्हा आत उतरलो. पुन्हा चिंचेखाली जाऊन बसलेला बजरंग ओरडत होता, "हळू! आता बरोबर! चाल धर!" आणि मी त्याच्या आवाजावर चाल धरली. काठाच्या आत, दुमडीच्या खाली शेवटचा पट्टा नेऊन संपवला, कारण अस्तर सुटतं ते नेहमी कडेपासून. बंदूक खाली ठेवली तेव्हा शेडच्या पत्र्यावर वळवाचे पहिले टपोरे थेंब वाजायला लागले होते. जनरेटर ताडपत्री पांघरून वरातीला गेला. मामांनी जाताना बजावलं, "संध्याकाळी नाचाय या. होडी घिऊन न्हाय आला तरी चालतंय."

बजरंग पुढं त्याच्या मेव्हण्याच्या रोपवाटिकेत गेला. मोकळ्या हवेत त्याची छाती बरी राहिली, पूर्ण बरी कधीच झाली नाही. त्यानं कधी मला बोल लावला नाही. मी त्याला एकदा सरळ विचारलं, तर म्हणाला, "मुखवटा मला बी दिसत हुता की खुंटीवर." त्यानं अर्धा भार असा उचलून घेतला, पण मला तो अर्धा कधी त्याच्याकडे सोपवता आला नाही. पुढं माझ्याकडे जो जो माणूस कामाला लागला, त्याच्या हातात मी बंदुकीच्या आधी मुखवटा दिला. कुणी कुरकुर केली की मी त्याला रोपवाटिकेत घेऊन जायचो आणि बजरंगला गुलाबाच्या कुंड्या उचलून दाखवायला सांगायचो. दोन कुंड्यांत त्याला धाप लागायची. तिसरी उचलायला सांगावं लागलं नाही कधी.

तात्यांची होडी तो पावसाळा पाण्यावर होती. दिवाळीनंतर मी त्यांच्या गावाला गेलो आणि फळी काढून, सुरीचं टोक घालून कड तपासली. हलली नाही. दुसरा पावसाळा, तिसरा पावसाळा. नांगर पडून वर खरचटलं होतं, पण पत्रा उघडा पडला नव्हता. संगीता म्हणाली, आणखी एक फायदा झालाय जो कुणाच्या डोक्यात नव्हता. आधी पत्र्यावर वल्हं आपटलं की आवाजानं मासळी पळायची. आता होडी गप्प चालते.

मग सोसायटीची बैठक झाली आणि उरलेल्या दहा होड्यांना अस्तर द्यायचं ठरलं. त्या उचगावला आणण्यापेक्षा मशीन आणि जनरेटर घेऊन मीच धरणाच्या काठावर मुक्कामाला गेलो. माझ्याबरोबर दोन कारागीर होते. सोसायटीच्या लोकांनी एक अट घातली होती. धुतलेली होडी पास झाली की नाही, हे कांबळे मिस्त्री, म्हणजे मी, ठरवणार नाही, संगीता ठरवेल. सेक्रेटरी जरा चाचरतच मला म्हणाले, "तुमाला चालंल ना?"

सहाव्या होडीच्या वेळी माझी जरा घाई झाली होती. ऊन चढत होतं, आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवानं मला वाटलं की होडी स्वच्छ आहे. मी संगीताला हाक मारली. तोवर काठावर बाकीचे मच्छीमार, त्यांच्या बायका, सेक्रेटरी असे सगळे जमले होते. तिनं बादली ओतली आणि वाकली. पाणी पसरलं. मागच्या कोपऱ्यात, वीतभर जागेत, ते थेंब थेंब होऊन उभं राहिलं.

संगीतानं खडू उचलला आणि त्या जागेभोवती गोल केला. "भाऊ, ही नापास. परत धुवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाह्या वर सारल्या, साबणाची बादली उचलली आणि होडीत उतरलो. इतक्या वर्षांत माझ्या कामावर इतका खूष मी कधी झालो नव्हतो.